घरच्या घरी जुन्या रेकॉर्डी कशा धुवाव्यात? (लाखेच्या आणि व्हायनलच्या)

बोरीकाठची
राम राम मंडळी. अमळनेरच्या जुन्या घराची माडी रिकामी करताना आजोबांची रेकॉर्डींची पेटी खाली उतरवली. वर पत्रा, शेजारी कापसाचं गोदाम. त्यामुळे रेकॉर्डींवर धुळीसोबत रुईचे बारीक तंतूही चिकटलेत. काही जाड, जड, दहा इंची आहेत; बाकीच्या मोठ्या एलपी. चारपाचांवर पांढरी बुरशी आहे. काहींवर चिकट थर आहे, कारण चकाकी यावी म्हणून आजी त्यांना खोबरेल तेलाचा हात फिरवायची.

मशीन घेण्याइतके पैसे नाहीत. घरच्या घरी काय करता येईल? पाणी कोणतं, साबण चालेल का, कापड कोणतं? शेजारचे काका म्हणतात स्पिरिटनं पुसा, आरशासारख्या होतील. आणि धुण्याआधी एकदा लावून बघितल्या तर चालेल का? भिंतीवर शोभेला टांगायच्या नाहीत, घरात वाजवायच्या आहेत.

रंधा
ताई, ती स्पिरिटची बाटली आधी पेटीपासून लांब ठेवा. मग पुढचं वाचा.

आमचा धंदा सुतारकीचा. सागवानी कपाटाला पॉलिश करायचं तर आम्ही चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये टाकून ठेवतो, सकाळी ती विरघळलेली असते. तुमच्या दहा इंची जाड रेकॉर्डी त्याच लाखेच्या आहेत. त्यांच्यावर स्पिरिट फिरवलं तर मळाबरोबर रेकॉर्डही निघेल. चकाकी येईल यात शंका नाही, पण ती गाणं पुसून आलेली चकाकी असेल.

भुसावळ_जंक्शन
रंधाभाऊंनी पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. आता पेटीचे दोन ढीग करा.

पहिला ढीग लाखेचा. लेबलवर बहुधा ७८ आकडा असतो (मिनिटाला तेवढ्या फेऱ्या), बाजूला साधारण तीन मिनिटांचं एकच गाणं, वजन जास्त, आणि वाकवायला गेलं तर मोडते (वाकवू नका!). यात लाख सुमारे एक तृतीयांशच असते. बाकी दगडाची भुकटी, काजळी, थोडे कापसाचे तंतू. हे भरण पाणी पितं, म्हणून लाखेची रेकॉर्ड पाण्यात बुडवून ठेवायची नाही.

दुसरा ढीग व्हायनलचा, म्हणजे एक प्रकारचं पीव्हीसी. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची बारा इंची एलपी आणली, पुढच्या वर्षी आरसीए कंपनीनं ४५ फेऱ्यांची सात इंची काढली. ही जात पाण्याला घाबरत नाही, उन्हाला घाबरते.

ज्या रेकॉर्डीबद्दल शंका असेल ती लाखेचीच धरून चाला.

आणि धुण्याआधी वाजवू नका. सुईचं टोक केसाहून बारीक असतं, त्याच्यावरचा भार त्या एवढ्याशा जागेवर पडतो. वाटेत वाळूचा कण आला तर सुई तो खाचेच्या भिंतीत दाबत पुढे जाते. तो ओरखडा मग कोणत्याच साबणानं निघत नाही.

शेवभाजी_प्रेमी
वाचतोय. आमच्याकडच्या एका एलपीवर तर्रीचा डाग आहे, त्याचा उपाय कुणी सांगेल का? :)

कर्णेवाला_धुळे
तर्रीचा डाग म्हणजे लग्नातली रेकॉर्ड, ओळखीची वाटते!

वडिलांचा पाचकंदीलजवळ लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा होता. लग्नसराईत रेकॉर्डींची पेटी, मशीन आणि दोन कर्णे घेऊन बैलगाडीनं गावोगाव. कर्णा निंबाच्या झाडावर बांधला की आख्ख्या गावाला कळायचं, आज कुणाकडे हळद आहे. चावीच्या फोनोवर प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची असा दंडक होता. पोलादी पिन लाखेवर घासून झिजते, आणि झिजलेलं टोक पुढच्या रेकॉर्डीची खाच खरवडतं. वडील वापरलेल्या पिना वेगळ्या डबीत टाकायचे, म्हणजे चुकून परत हाताशी येऊ नयेत. पिना वाचवणाऱ्यांच्या रेकॉर्डी दोन लग्नसराईंत करड्या पडायच्या.

सफाईला वडील फक्त मखमलीचा तुकडा वापरायचे. रेकॉर्ड फिरत असताना अलगद टेकवायचा, खाचेच्या दिशेनं. मधून बाहेर आडवा हात कधी मारायचा नाही. पाण्याचा थेंब त्यांनी कधी लावला नाही, आणि त्यांच्या रेकॉर्डी आजही माझ्याकडे चांगल्या वाजतात. म्हणून माझं मत, कोरडंच पुसा.

भुसावळ_जंक्शन
कर्णेवाले दादा, वडिलांची पद्धत उत्तमच, कारण ते रोज पुसायचे. धूळ बसायलाच वेळ नव्हता. ताईंच्या पेटीत कैक वर्षांची धूळ आहे आणि तिच्याखाली तेल. त्यावर कोरडी मखमल फिरवली तर धूळ खाचेत आणखी खोल जाईल. तेलाला पाणी आणि साबण लागतोच.

कर्णेवाला_धुळे
तेलाचं मान्य. ज्यांच्यावर तेल नाही त्या तरी कोरड्या पुसून बघा, एवढंच म्हणणं.

मेहरूण
पाण्याबद्दल सांगतो. जळगावात बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं. बादलीला, गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, तोच थर रेकॉर्ड वाळल्यावर खाचेत राहतो आणि सुई त्यावरून गेली की टकटक ऐकू येते. लोक म्हणतात, धुतल्यावर आवाज जास्त बिघडला. तो याच पाण्यामुळे.

बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, स्वस्त असतो. मागताना स्पष्ट सांगा आणि लेबल वाचा, कारण त्याच दुकानात ॲसिडचेही कॅन असतात. पैसे वाचवायचे असतील तर पहिला हात घरच्या आरओच्या पाण्याचा आणि शेवटचा डिस्टिल्डचा.

दादरची_भाकर
एसीच्या नळीतून पडणारं पाणी चालेल का? मे महिन्यात आमच्याकडे बादल्या भरतात.

मेहरूण
नको. क्षार कमी असतात खरे, पण ते पाणी कॉइलवरची धूळ आणि बुरशी धुऊन येतं. बुरशीच्या रेकॉर्डींना तर अजिबात नको.

सराफगल्ली
आमच्या धंद्यातले दोन उपाय सांगतो.

पहिला रिठ्याचा. सोन्याचे दागिने आम्ही पिढ्यान् पिढ्या रिठ्याच्या पाण्यात धुतो. मळ निघतो, सोन्याला काही होत नाही. रेकॉर्डीला का चालू नये?

दुसरा अल्ट्रासोनिक मशीनचा. जळगावच्या बऱ्याच सराफांकडे ते असतं. पाण्यात साधारण ४० किलोहर्ट्झच्या लहरी सोडतात, त्यानं बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि नक्षीच्या आत अडकलेला मळ बाहेर येतो. रेकॉर्डीची खाच म्हणजे तशी नक्षीच. ओळखीच्या सराफाला विचारून बघा.

भुसावळ_जंक्शन
मशीनची कल्पना खरोखर चांगली आहे, जगभर लोक एलपीसाठी ते वापरतात. मात्र तीन गोष्टी सांभाळा. दागिन्यांची टाकी लहान असते, बारा इंची रेकॉर्ड तिच्यात उभी बसत नाही. मोठी टाकी हवी, आणि रेकॉर्ड आडव्या दांडीवर अडकवून हळूहळू फिरवायची, म्हणजे खाचा पाण्यात आणि लेबल वर कोरडं. टाकीचा हीटर बंद ठेवायचा. पाणी चालू मशीनमध्ये आपोआप तापतं, ते हाताला कोमट लागू लागलं की थांबायचं. आणि लाखेची रेकॉर्ड त्यात घालायची नाही. बारीक तडा असेल तर तो वाढेल.

रिठ्याला माझा विरोध आहे. फेस मस्त येतो, पण ते फळाचं पाणी आहे. गाळलं तरी रंग आणि बारीक गाळ राहतो. सोनं आपण नंतर खळखळून धुतो आणि पुसतो, खाचेत कुणाचा हात पोहोचणार?

सराफगल्ली
दुहेरी कापडातून गाळून एका फाटक्या कव्हरच्या एलपीवर करून बघेन आणि सांगेन. ऐकल्याशिवाय रिठ्याला नापास करणार नाही.

चाळीसगाव_लोकल
आमचा फोटो स्टुडिओ होता. गाव छायाचित्रकार केकी मूस यांचं, त्यामुळे डार्करूमचं कौतुक आमच्याकडे घरोघर. फिल्म धुतल्यावर तिच्यावर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात कोडॅकचं फोटो-फ्लो घालायचो, लिटरला पाच मिली. ते पाण्याचा ताण कमी करतं, मग पाणी थेंब धरून बसत नाही, पसरून निघून जातं. रेकॉर्डीच्या खाचा इतक्या अरुंद असतात की नुसतं पाणी वरच्यावर तरंगतं, आत उतरतच नाही. ते उतरवायचं काम हे औषध करतं. रेकॉर्डीला फिल्मपेक्षाही कमी लागतं, लिटरला थोडे थेंब पुरे. मोठ्या संग्रहालयांत याच कामाला टर्जिटॉल नावाचं रसायन वापरतात. दोन्ही मिळालं नाही तर बिनवासाचा, बिनरंगाचा भांड्यांचा लिक्विड साबण, लिटरला दोन थेंब. लिंबाच्या वासाचा नको. आणि काहीही वापरलं तरी नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याचा हात हवाच, नाहीतर साबण खाचेत वाळतो आणि सुईला चिकटतो.

गोलाणी_मार्केट
एलपीसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं, बोर्ड साफ करायला आम्ही तेच वापरतो. एक भाग आयपीए, चार भाग डिस्टिल्ड पाणी. बोटांचे ठसे आणि खोबरेल तेल दोन्ही निघतं. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट घेऊ नका, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या मागे राहतात. सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात ग्लिसरीन असतं.

परत सांगतो, हे फक्त एलपीला. लाखेला नाही.

रंधा
+१. शेवटची ओळ पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा.

पांझरा
फेविकॉलचा प्रयोग कुणी केलाय का? एलपीवर पांढरा गोंद पसरायचा, वाळला की साल काढल्यासारखा ओढायचा, मळ त्याच्याबरोबर येतो.

गोलाणी_मार्केट
केलाय. निगुतीनं केला तर एलपीवर फरक ऐकू येतो. थर जाड आणि सलग हवा, कडेला ओढायला जीभ सोडायची, लेबलला आणि शेवटच्या खाचांना लागू द्यायचा नाही. पातळ थर तुटतो आणि तुकडे खाचेत राहतात. ते काढायला पुन्हा ओला थर द्यावा लागतो. पावसाळ्यात करू नका, वाळता वाळत नाही.

रंधा
लाखेवर फेविकॉल कदापि नको. सुटेलच याची खात्री कुणी देऊ शकणार नाही, आणि ओढताना कडेचा टवका निघेल.

तापीपल्याड
मला वेगळंच म्हणायचंय. सगळे धुण्याबद्दल बोलताहेत, पण धुतल्यानं काय होणार नाही हेही ताईंना सांगायला हवं. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरा. खाच काळी चकाकत असेल तर खरखर बहुतेक धुळीची आहे, ती जाईल. खाच करडी, मुकी दिसत असेल तर ती पिनेनं खाल्लेली आहे. तिथला मूळ नादच निघून गेलाय, तिथे कितीही धुतलं तरी गाणं परत येत नाही. लोक तिसऱ्यांदा, चौथ्यांदा घासत बसतात आणि लेबल तेवढं फाडतात. एकदा नीट धुवावं आणि थांबावं.

बोरीकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. तापीपल्याड दादा, तुमचं वाचून आत्ताच काही उजेडात धरून बघितल्या. आजोबांच्या नेहमी लावायच्या रेकॉर्डी करड्याच आहेत. कमी वाजलेल्या काळ्याभोर आहेत.

बुरशीचं काय करू?

खानदेशी_ताई
बुरशीच्या रेकॉर्डी बाकीच्यांपासून आजच वेगळ्या करा. अंगणात, तोंडाला फडकं बांधून, मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं वरची पूड झाडा. घरात झाडाल तर ती दुसऱ्या रेकॉर्डींवर बसेल. नंतर ओला हात. कागदाच्या जुन्या आतल्या पिशव्या परत वापरू नका, बुरशी त्यांच्यातच असते.

पण छापील कव्हरं टाकू नका! आमच्याकडच्या कव्हरांवर दुकानांचे शिक्के आहेत, काहींवर शाईनं लिहिलेली नावं आणि लग्नाच्या तारखा. धुण्याआधी प्रत्येक रेकॉर्डीचा फोटो काढा: दोन्ही लेबलं, त्यावरचा क्रमांक, आणि लेबलशेजारच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक. लेबल भिजून शाई पसरली तर गायकाचं नाव कायमचं जातं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळानं कागदपत्रं इतक्या मायेनं जपली, पण घरातल्या रेकॉर्डी आपण भंगाराच्या वजनात देऊन टाकतो. याचं मला फार वाईट वाटतं.

शिरपूर_फाटा
हाऊ धागा वाचीसन भलतं बरं वाटनं. मन्हा मामाकडे बी अशीच पेटी पडेल शे. दिवाळीले जासू तवय खाले उतारसू.

भुसावळ_जंक्शन
मग दिवाळीपर्यंत मामांना ती पत्र्याखालून तरी काढायला सांगा. आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. आडव्या रचलेल्या एलपी तिथे तव्यासारख्या खोलगट होतात.

दादरची_भाकर
वाकलेली एलपी दोन काचांमध्ये ठेवून उन्हात धरली तर सरळ होते असं ऐकलंय.

तापीपल्याड
होते, आणि कधी कधी खाचाही बसतात. पीव्हीसी साधारण साठ अंशांपुढे मऊ पडू लागतं, आणि आपल्या उन्हात काचेखाली किती होईल याचा नेम नाही. दोन सपाट फरशांमध्ये, घरातच, वजनाखाली महिनोन् महिने ठेवा. सावकाश जेवढी सुधारेल तेवढी. लाखेची वाकलेली असेल तर वजनही नको, मोडेल.

चाळीसगाव_लोकल
ताई, आता सगळं एका ठिकाणी आणतो, नाहीतर धागा फेविकॉलमध्येच अडकेल.

लाखेची: आधी तडा बघा. तडा असेल तर पाणी नाहीच, फक्त मऊ ब्रश. धड असेल तर एका वाडग्यात साबणाचे दोन थेंब घातलेलं डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात नुसतं डिस्टिल्ड. मायक्रोफायबरचं फडकं पहिल्यात बुडवून घट्ट पिळायचं, खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचं, लेबलपासून बोटभर लांब. लगेच दुसऱ्या वाडग्यातल्या फडक्यानं साबण उचलायचा, लगेच कोरड्या फडक्यानं टिपायचं. तेलकट असेल तर हेच पुन्हा, पण भिजत ठेवायची नाही.

एलपी: लेबलवर दोन्ही बाजूंनी श्रीखंडाच्या डब्याची झाकणं घट्ट दाबून धरा. झाकण लेबलपेक्षा जरा मोठं असावं. मऊ ब्रशनं भरपूर पाणी वापरून धुवा, तेलासाठी गोलाणीवाल्यांचं मिश्रण, शेवटी डिस्टिल्डचा हात.

वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं. त्यात उभ्या ठेवायच्या, सावलीत, पंखा बंद. पंख्यानं खोलीतली धूळ ओल्या खाचेत येते. जुनं धोतर वापरू नका, त्याचे तंतू सुटतात. पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत घालायची नाही. आतली पिशवी नवी हवी, पीव्हीसीची नको. ती वर्षानुवर्षं चिकटून राहिली की रेकॉर्डीवर धुरकट डाग पडतात. साध्या कोऱ्या कागदाची चालेल. आणि पेटीत नेहमी उभ्या.

शेवभाजी_प्रेमी
तर्रीचा डाग गोलाणीवाल्यांच्या मिश्रणानं गेला. मसाल्याचा वास मात्र कव्हरला अजून येतो, तो राहू दे!

पथारीवाला_नंदुरबार
आमच्याकडे मिरचीच्या पथाऱ्या. हंगामात घरात बारीक लाल पूड येतेच. आम्ही प्लेअरचं झाकण कायम बंद ठेवतो आणि रेकॉर्ड लावण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवतो. त्यानं धूळ निघते आणि रेकॉर्डीवरची वीजही उतरते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत रेकॉर्ड पिशवीतून काढली की चटचट होते, ती धूळ ओढून घेते. धुतल्यावरही हे रोजचं करावं लागतं, नाहीतर महिन्यात परत तीच कथा.

सराफगल्ली
रिठ्याचा निकाल: मळ निघाला, पण खाचेत फिकट पिवळा थर राहिला आणि खरखर वाढली. साध्या डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुतल्यावर ठीक झाली. भुसावळभाऊंचं खरं ठरलं, रिठा दागिन्यांपुरता.

बोरीकाठची
निम्म्या एलपी धुऊन झाल्या. खोबरेल तेल आयपीएच्या मिश्रणानं निघालं. लाखेच्या धड रेकॉर्डी दोन वाडग्यांच्या पद्धतीनं एकेक करून करतेय. तडा गेलेल्या तशाच ठेवल्या, फोटो मात्र सगळ्यांचे काढले. एका कव्हरवर धुळ्याच्या दुकानाचा शिक्का निघाला. कर्णेवाले दादा, पत्ता पाचकंदीलचाच आहे!

आता प्रश्न वाजवण्याचा. काकांकडे जुना एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे. त्यावर दोन्ही जातींच्या चालतील का?

कर्णेवाला_धुळे
शिक्क्याचा फोटो टाका ताई, दुकान वडिलांच्या ओळखीचं असणार.

फिएस्टाची सुई आधी बघा. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण तीन हजारांश इंची टोक लागतं. एलपीला एक हजारांश किंवा त्याहून बारीक. त्या काळच्या बऱ्याच प्लेअरांत सुईच्या कडेला छोटी काडी असते, ती फिरवली की बाजू बदलते, एका बाजूला ७८ आणि दुसऱ्या बाजूला एलपी. एलपीची बारीक सुई ७८ च्या खाचेत तळाला घासते, तळाचा गाळ वाजवते. ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर खाच फाटते. सुई जुनी असेल तर धुतलेली एकही रेकॉर्ड तिच्याखाली ठेवू नका. आधी नवी बसवा, मग टोक मऊ कोरड्या ब्रशनं मागून पुढे साफ करा, आडवं नाही.

बोरीकाठची
काडी आहे, पण घट्ट बसलीय, जोर लावायची भीती वाटते.

गोलाणी_मार्केट
जोर लावू नका. रविवारी अमळनेरला येतोय, अवजारं घेऊन येतो. सुईचा जवळून एक फोटो टाकून ठेवा, म्हणजे तशी नवी मिळते का ते जळगावातच बघून निघेन.